फाइलींच्या खिडकीतील टॅब : सोय आणि सावधगिरी

संगणकावर काम करणाऱ्याचा बराचसा वेळ फाइली शोधणे, उघडून पाहणे, एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे आणि नको असलेल्या काढून टाकणे यांत जातो. हे काम ज्या आज्ञावलीतून होते तिला फाइल मॅनेजर म्हणतात. विंडोजवर ती फाइल एक्स्प्लोरर या नावाने, तर अ‍ॅपलच्या मॅक संगणकांवर फाइंडर या नावाने ओळखली जाते. लिनक्सवर नॉटिलस, डॉल्फिन, थुनार, निमो असे अनेक पर्याय आहेत.

दिवाळी अंकाची पाने लावणाऱ्याचे उदाहरण घेता येईल. लेखकांकडून आलेला मजकूर एका फोल्डरमध्ये, चित्रे दुसऱ्यात, जाहिराती तिसऱ्यात, मुद्रितशोधन झालेली पाने चौथ्यात आणि छापखान्याला पाठवायच्या अंतिम फाइली पाचव्यात असतात. प्रत्येक फोल्डर स्वतंत्र खिडकीत उघडला की पडद्यावर खिडक्यांचा ढीग होतो आणि हवी ती खिडकी शोधण्यातच वेळ जातो. हे पाचही फोल्डर एकाच खिडकीत ठेवून वरच्या पट्टीवरील नावांवर क्लिक करून त्यांत ये-जा करता येणे, ही टॅबची सोय होय.

ही सोय आता बहुतेक सर्व प्रमुख प्रणालींत उपलब्ध आहे. तथापि तिचा वापर इंटरनेटच्या ब्राउझरमधील टॅबप्रमाणेच करावा, असे मानणे योग्य नाही. ब्राउझरमध्ये चुकीच्या टॅबवर गेल्यास फार तर भलतेच पान वाचले जाते. फाइल मॅनेजरमध्ये चुकीच्या टॅबवर डिलीटचे बटण दाबले गेल्यास आठवडाभराचे काम नाहीसे होऊ शकते. टॅब खिडक्यांची गर्दी कमी करतो, पण त्याच वेळी समोरचा एक सोडून बाकीचे सर्व फोल्डर झाकून टाकतो. टॅब कोठे वापरावा आणि कोठे वापरू नये, हे समजून घेतले तरच ही सोय खऱ्या अर्थाने उपयोगी पडते.

टॅबपूर्वीचे दिवस

एकाच वेळी अनेक फोल्डर कसे दाखवावेत, हा प्रश्न जुना आहे आणि त्याची तीन वेगवेगळी उत्तरे दिली गेली. पहिले उत्तर दोन कप्प्यांचे. १९८६ साली डॉस प्रणालीसाठी नॉर्टन कमांडर ही आज्ञावली आली. तिच्यात पडद्याचे उभे दोन भाग केलेले असत. डावीकडे एक फोल्डर, उजवीकडे दुसरा. फाइल कोठून निघाली आणि कोठे जाणार, हे दोन्ही सतत नजरेसमोर राही. या पद्धतीचा वारसा सांगणाऱ्या आज्ञावल्या आजही वापरात आहेत.

दुसरे उत्तर एका खिडकीत अनेक छोट्या खिडक्यांचे. १९९० च्या विंडोज ३.० मधील फाइल मॅनेजर या पद्धतीचा होता. त्याच्या मुख्य चौकटीच्या आत प्रत्येक फोल्डरची वेगळी छोटी खिडकी उघडत असे. पुढे विंडोज ९५ बरोबर एक्स्प्लोरर आला आणि डाव्या बाजूस फोल्डरांचा वृक्ष व उजवीकडे त्यातील फाइली, ही मांडणी सर्वपरिचित झाली.

तिसरे उत्तर प्रत्येक फोल्डरला स्वतःची खिडकी देण्याचे. १९८४ च्या मॅकिन्टॉशमधील फाइंडर याच विचारावर उभा होता. टेबलावरचा कागद जसा ठेवला त्याच जागी सापडतो, तशी प्रत्येक फोल्डरची खिडकी आपली जागा आणि आकार लक्षात ठेवीत असे. लिनक्सवरील ग्नोम प्रकल्पाने २००४ साली आपल्या २.६ या आवृत्तीत नॉटिलससाठी हीच पद्धत स्वीकारली. मात्र एकात एक असे सहा-सात फोल्डर उघडताना तेवढ्याच खिडक्या पडद्यावर साचत, ही तक्रार कायम राहिली. अखेर २०१० च्या २.३० या आवृत्तीत नॉटिलस पुन्हा एकाच खिडकीत पुढे-मागे जाण्याच्या पद्धतीवर परतला.

ब्राउझरकडून फाइलींकडे

टॅब हा शब्द मूळचा कागदी कामकाजातला. कार्यालयातील कपाटात फाइली उभ्या लावलेल्या असत आणि प्रत्येकीच्या पुठ्ठ्याचा थोडा भाग वर डोकावत असे. त्यावर विषय लिहिलेला असे. त्या डोकावणाऱ्या भागाला टॅब म्हणत. संगणकावर ही कल्पना लोकप्रिय केली ती ब्राउझरने. १९९७ मधील नेटकॅप्टर, त्यानंतर ऑपेरा आणि मोझिला यांनी ती रुजवली. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावर ती घरोघरी पोहोचली. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररला टॅब मिळाले ते २००६ साली, सातव्या आवृत्तीत.

फाइल मॅनेजरकडे टॅब येण्याचा क्रम असमान राहिला. लिनक्सवरील केडीईचा काँकरर हा ब्राउझर आणि फाइल मॅनेजर अशी दुहेरी कामे करीत असे. त्यामुळे २००३ च्या केडीई ३.१ मध्ये त्याला टॅब मिळाले तेव्हा ते फाइलींसाठीही आपोआप उपलब्ध झाले. त्याच वर्षी विंडोजवरील टोटल कमांडर या दोन कप्प्यांच्या आज्ञावलीने सहाव्या आवृत्तीत फोल्डरांचे टॅब दिले. २००८ मध्ये केडीई ४.१ बरोबर डॉल्फिनला आणि ग्नोम २.२४ बरोबर नॉटिलसला टॅब मिळाले. डिसेंबर २०१२ मध्ये थुनारच्या १.६ या आवृत्तीत ते आले. अ‍ॅपलने ऑक्टोबर २०१३ मध्ये मॅव्हरिक्स या प्रणालीत फाइंडरला टॅब दिले.

विंडोज वापरणाऱ्यांना सर्वांत जास्त वाट पाहावी लागली. मधल्या काळात क्यूटीटॅबबार किंवा क्लोव्हर यांसारख्या पुरवणी आज्ञावल्या बसवून अनेकांनी आपली गरज भागवली. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने सेट्स नावाची योजना जाहीर केली. तिच्यात केवळ फोल्डरच नव्हे तर वेगवेगळ्या आज्ञावल्याही एका खिडकीत टॅबच्या रूपाने येणार होत्या. ही योजना चाचणीच्या पुढे गेली नाही. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये विंडोज ११ च्या फाइल एक्स्प्लोररमध्ये टॅब आले. सुरुवातीला टॅब ओढून त्याची स्वतंत्र खिडकी करता येत नसे. ती सोय नंतरच्या सुधारणेत मिळाली आणि उघडलेल्या टॅबची प्रत काढण्याची सोय २०२४ मध्ये जोडण्यात आली.

रोजच्या वापराची सूत्रे

टॅबचा वापर सुकर व्हावयाचा असेल तर माउसइतकाच कीबोर्डचाही सराव हवा. विंडोज आणि लिनक्सवर कंट्रोल व टी ही बटणे एकत्र दाबली की नवा टॅब उघडतो आणि कंट्रोल व डब्ल्यू दाबल्यास समोरचा टॅब बंद होतो. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड हे बटण वापरावे लागते. एका टॅबवरून पुढच्या टॅबवर जाण्यासाठी विंडोज आणि मॅक या दोहोंवर कंट्रोल व टॅब ही बटणे, तर नॉटिलसमध्ये कंट्रोल व पेज डाउन ही बटणे चालतात. नॉटिलसमध्ये अल्ट बरोबर आकडा दाबल्यास त्या क्रमांकाचा टॅब थेट समोर येतो.

माउस वापरणाऱ्यांसाठी सर्वांत उपयुक्त बाब म्हणजे मधले बटण. अनेक माउसवर फिरणारे चाक हेच मधले बटण असते. विंडोज ११ मध्ये, तसेच नॉटिलस व डॉल्फिनमध्ये, फोल्डरवर मधले बटण दाबल्यास तो फोल्डर नव्या टॅबमध्ये उघडतो आणि मूळ फोल्डर जागच्या जागी राहतो. मॅकवर हेच काम कमांड बटण दाबून फोल्डरवर दोनदा क्लिक केल्याने होते. फाइंडरच्या सेटिंग्जमध्ये फोल्डर नव्या खिडकीऐवजी टॅबमध्ये उघडावेत असा पर्याय आहे. पडद्यावर आधीच खिडक्यांची गर्दी झालेली असल्यास विंडो या मेनूतील सर्व खिडक्या एकत्र करण्याची आज्ञा दिली की त्या एका खिडकीतील टॅब होतात.

नवा टॅब कोठे उघडतो, हा किरकोळ वाटणारा प्रश्न प्रत्यक्षात महत्त्वाचा आहे. नॉटिलस आणि डॉल्फिन नव्या टॅबमध्ये सामान्यतः समोरचाच फोल्डर पुन्हा दाखवतात. विंडोज ११ मात्र होम हे पान दाखवते आणि फाइंडर सेटिंग्जमध्ये ठरवून दिलेला फोल्डर उघडतो. एका प्रणालीवरून दुसरीवर गेलेल्या माणसाचा येथे हमखास गोंधळ होतो. विंडोजवर समोरच्याच फोल्डरचा दुसरा टॅब हवा असेल, तर टॅबवर उजवे बटण दाबून त्याची प्रत काढावी.

टॅबची संख्याही मर्यादित असावी. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका तेथे पोहोचण्यास वेळ अधिक लागतो. टॅब वाढत गेले की प्रत्येकाची रुंदी आक्रसते, नावे अर्धवट दिसू लागतात आणि नेमका टॅब पकडणे कठीण होते. पाच-सहा टॅबनंतर नवा टॅब उघडण्यापेक्षा दुसऱ्या कामासाठी दुसरी खिडकी घ्यावी. एका कामाची एक खिडकी आणि त्या कामातील फोल्डरांचे टॅब, ही विभागणी बहुतेकांना मानवते.

चूक कोठे होते

फाइली हलवताना टॅबची खरी परीक्षा होते. पहिली अडचण नावांची. टॅबवर सामान्यतः फोल्डरचे केवळ शेवटचे नाव दिसते. दिवाळी अंकाच्या उदाहरणात गेल्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या अशा दोन्ही अंकांत चित्रे नावाचा फोल्डर असणारच. दोन टॅबवर चित्रे हेच नाव दिसले तर कोणता कोणत्या वर्षाचा, हे केवळ टॅबकडे पाहून कळत नाही. काही काढून टाकण्यापूर्वी पत्त्याच्या पट्टीवर नजर टाकण्याची सवय यासाठी लावून घ्यावी. विंडोजवर अल्ट व डी, तर लिनक्सवर कंट्रोल व एल ही बटणे दाबल्यास फोल्डरचा पूर्ण पत्ता अक्षरांत दिसतो. त्याहून मुळातला उपाय म्हणजे फोल्डरच्या नावातच वर्ष किंवा कामाचा उल्लेख ठेवणे.

दुसरी अडचण ओढून नेण्याची. फाइल माउसने उचलून दुसऱ्या टॅबच्या नावावर क्षणभर धरून ठेवली की तो टॅब समोर येतो आणि मग ती तेथे सोडता येते. सोय चांगली आहे, पण हात थोडा हलला तर फाइल शेजारच्या टॅबमध्ये किंवा समोर आलेल्या फोल्डरमधील एखाद्या उपफोल्डरमध्ये पडते. फाइल नाहीशी झाली असे ज्याला वाटते, त्याची फाइल पुष्कळदा अशा शेजारच्या घरी सापडते. अशा वेळी दुसरे काहीही करण्याआधी कंट्रोल व झेड, मॅकवर कमांड व झेड, दाबावे. शेवटची हालचाल उलटवली जाते.

तिसरी अडचण हलवणे आणि प्रत काढणे यांतील फरकाची. विंडोज, फाइंडर आणि नॉटिलस या तिघांचाही नियम सारखा आहे. एकाच ड्राइव्हवरील दोन फोल्डरांत फाइल ओढून नेली तर ती हलवली जाते, म्हणजे मूळ जागी उरत नाही. वेगळ्या ड्राइव्हवर, उदाहरणार्थ पेन ड्राइव्हवर, ओढली तर तिची प्रत निघते आणि मूळ फाइल राहते. स्वतंत्र खिडक्या असताना कोणती खिडकी पेन ड्राइव्हची आहे हे बहुधा लक्षात राहते. टॅबच्या पट्टीवर मात्र सगळी नावे सारखीच दिसतात आणि प्रत निघाली असे समजून फाइल मुळातूनच हलवली जाण्याचा संभव वाढतो. विंडोज आणि नॉटिलसमध्ये ओढताना कंट्रोल दाबून धरल्यास नेहमी प्रतच निघते आणि शिफ्ट दाबून धरल्यास फाइल नेहमी हलते. मॅकवर प्रत काढण्यासाठी ऑप्शन बटण धरावे. डॉल्फिन याबाबत अधिक सावध आहे. फाइल सोडल्यावर ती हलवायची, तिची प्रत काढायची की केवळ दुवा करायचा, हे तो सामान्यतः विचारतो.

सर्वांत गंभीर धोका काढून टाकण्याचा. संगणकाच्या आतील डिस्कवरून काढलेली फाइल विंडोजवर रिसायकल बिनमध्ये जाते आणि तेथून परत मिळते. पेन ड्राइव्हवरून काढलेली फाइल मात्र सामान्यतः रिसायकल बिनमध्ये न जाता थेट नाहीशी होते. पेन ड्राइव्हचा टॅब आणि डिस्कचा टॅब शेजारी शेजारी असताना हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. त्याचप्रमाणे एकाच नावाची फाइल आधीच असलेल्या फोल्डरमध्ये नवी फाइल टाकताना जुनी बदलावी काय, असे विचारले जाते. तेथे घाईने होकार दिल्यास जुन्या फाइलीवर पाणी सोडावे लागू शकते. अशा वेळी दोन्ही फाइली ठेवण्याचा पर्याय निवडणे इष्ट.

टॅब की दोन कप्पे

या सर्व चुकांचे मूळ एकच आहे. फाइल ज्या ठिकाणी जाणार ते ठिकाण झाकलेले असते. म्हणूनच नॉर्टन कमांडरने घालून दिलेली दोन कप्प्यांची पद्धत इतक्या वर्षांनंतरही टिकून आहे. डॉल्फिनमध्ये एफ३ हे बटण दाबले की समोरच्या टॅबचेच दोन भाग होतात. नॉटिलसमध्येही अशी सोय काही काळ होती. २०१२ मधील ३.६ या आवृत्तीत ती काढण्यात आली. लिनक्स मिंटच्या मंडळींनी नॉटिलसपासून वेगळा केलेला निमो हा फाइल मॅनेजर मात्र एफ३ वर ती आजही देतो. टोटल कमांडर आणि मुक्त स्रोतातील डबल कमांडर यांत तर दोन्ही कप्प्यांना आपापले टॅब असतात. फाइलींची मोठी ने-आण करणाऱ्यांना या आज्ञावल्या सोयीच्या वाटतात त्याचे कारण हेच.

विंडोज ११ च्या फाइल एक्स्प्लोररमध्ये दोन कप्पे नाहीत, तरी त्यावर सोपा तोडगा आहे. ज्या टॅबमध्ये फाइल न्यायची तो पट्टीवरून खाली ओढून त्याची स्वतंत्र खिडकी करावी. मग विंडोजचे बटण आणि डावा बाण दाबल्यास एक खिडकी पडद्याच्या डाव्या अर्ध्या भागात बसते. उजव्या बाणाने दुसरी उजवीकडे बसते. काम संपल्यावर टॅब पुन्हा पहिल्या खिडकीत ओढून बसवता येतो. हे शक्य नसेल तेथे ओढण्याऐवजी कंट्रोल व सी दाबून प्रत घ्यावी, दुसऱ्या टॅबवर जाऊन पत्ता पाहावा आणि मगच कंट्रोल व व्ही दाबावे. यात एक पायरी वाढते, पण फाइल कोठे ठेवली जात आहे हे ठेवण्यापूर्वीच डोळ्यांना दिसते.

कायमची जागा आणि तात्पुरता टॅब

टॅब हे लक्षात ठेवण्याचे साधन नव्हे. खिडकी बंद झाली, संगणक अचानक थांबला किंवा वीज गेली तर उघडलेल्या टॅबची मांडणी परत मिळेलच असे नाही. डॉल्फिनमध्ये मागील वेळचे टॅब पुन्हा उघडण्याचा पर्याय आहे. सर्वत्र मात्र अशी हमी धरू नये. जे फोल्डर रोज लागतात ते डाव्या बाजूच्या पट्टीत कायमचे ठेवावेत. विंडोजवर ते क्विक अ‍ॅक्सेसमध्ये, मॅकवर फेव्हरिट्समध्ये, नॉटिलसमध्ये बुकमार्कच्या रूपाने आणि डॉल्फिनमध्ये प्लेसेसमध्ये ठेवता येतात. टॅब त्या दिवसाच्या कामापुरता आणि बाजूची पट्टी कायमच्या जागांसाठी, असा भेद पाळल्यास बंद झालेल्या टॅबची रुखरुख राहत नाही.

विंडोज १० च्या फाइल एक्स्प्लोररमध्ये टॅब नाहीत. त्या प्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जे अद्याप तिच्यावर काम करीत आहेत त्यांना डबल कमांडर किंवा एक्स्प्लोरर प्लसप्लस यांसारख्या स्वतंत्र आज्ञावल्यांत टॅब मिळू शकतात. मूळ एक्स्प्लोररमध्ये शिरून बदल करणाऱ्या पुरवण्यांपेक्षा स्वतंत्र आज्ञावली बसवणे कमी जोखमीचे. कोणतीही आज्ञावली घेताना ती तिच्या निर्मात्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी.

लक्षात ठेवण्याजोगे

- फोल्डर पाहणे, तुलना करणे, फाइल शोधणे यांसाठी टॅब वापरावेत. मोठ्या प्रमाणात हलवाहलव करायची असल्यास दोन कप्पे किंवा शेजारी शेजारी दोन खिडक्या वापराव्यात.
- एका खिडकीत एकाच कामाचे टॅब ठेवावेत आणि काम संपताच ते बंद करावेत.
- काढून टाकण्यापूर्वी पत्त्याची पट्टी वाचावी. टॅबवरील नावावर विसंबू नये.
- पेन ड्राइव्हचा टॅब शक्यतो वेगळ्या खिडकीत ठेवावा.
- काही चुकल्याचे लक्षात येताच प्रथम कंट्रोल व झेड दाबावे आणि मगच पुढील शोध घ्यावा.
- महत्त्वाच्या कामाची दुसऱ्या डिस्कवर एक प्रत असावी. टॅबच्या कोणत्याही सोयीने तिची जागा भरून निघत नाही.